लहान ट्रॅक्टरचा फोर व्हीलचा लिव्हर रस्त्यावर आल्यावर सुटत नाही

प्रश्न (बागायतदार, निफाड)

नमस्कार. माझी 4 एकर द्राक्षबाग असून गेल्या वर्षी मी 24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्हचा लहान ट्रॅक्टर घेतला. यंदा फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतरही पाऊस लांबल्यामुळे डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने ओल्या काळ्या रानात 600 लिटरचा ब्लोअर (औषध फवारण्याचे यंत्र) ओढावा लागला, आणि त्यासाठी फोर व्हील दिवसभर टाकलेलाच ठेवला. बागेपासून घरापर्यंत सुमारे दोन किलोमीटर डांबरी रस्ता आहे. अर्ध्या रस्त्यात लिव्हर काढायला गेलो, तर दोन्ही हातांनी ओढूनही तो तसूभर हलला नाही. शिवाय फोर व्हील टाकताना अधूनमधून कर्रकन आवाज येतो आणि पुढच्या टायरच्या गुट्ट्यांच्या (रबरी उंचवट्यांच्या) कडा वर्षभरातच गोल झाल्या आहेत. ट्रॅक्टर देताना दुकानातील मुलाने चालू गाडीतही टाकता येतो असे सांगितले होते. शेजारचे काका मात्र गाडी उभी केल्याशिवाय लिव्हरला हातच लावायचा नाही, असे म्हणतात. यातले खरे काय मानावे?

उत्तर 1 (फिटर, दिंडोरी)

भाऊ, तुमच्या लिव्हरमध्ये बिघाड असेल असे वाटत नाही. लहान ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसते. लिव्हर टाकला की पुढचा शाफ्ट गिअरबॉक्सला थेट जोडला जातो. त्यातच पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत, साधारण 1 ते 5 टक्के, अशी रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे मऊ जमिनीत पुढचे चाक ढकलले न जाता स्वतः ओढते. चिखलात हा फरक चाक घसरून निघून जातो. डांबरावर चाक सहजी घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साठतो, दाते एकमेकांवर दाबून बसतात आणि लिव्हर अडकतो. टायरच्या कडाही त्यानेच झिजतात.

अशा वेळी लिव्हरला पाइप लावून ओढू नका, आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकला तर गिअरबॉक्स खोलावा लागतो. स्टिअरिंग सरळ करून ट्रॅक्टर तीन-चार फूट मागे घ्या, क्लच पूर्ण दाबा; ताण उतरला की लिव्हर दोन बोटांनी निघतो.

टाकण्याबाबत काकांचेच ऐका. काही मॉडेलमध्ये हळू चालत असताना टाकण्याची मुभा पुस्तिकेत दिलेली असते, पण मागचे चाक जागेवर गरगरत असताना लिव्हर टाकणे कोणत्याच ट्रॅक्टरला मानवत नाही, कारण एक बाजू फिरत असते आणि दुसरी उभी असते. तुमचा कर्रकन आवाज बहुधा तोच आहे. गाळ दिसला की त्यात शिरण्याआधीच थांबून टाका. दात्यावर दाता आल्यामुळे लिव्हर बसत नसेल, तर जोर न लावता क्लच किंचित सोडून ट्रॅक्टर वीतभर सरकू द्या आणि पुन्हा क्लच दाबून टाका. डांबरावर मात्र फोर व्हील कधीच नको.

उत्तर 2 (द्राक्ष उत्पादक, तासगाव)

फिटर दादांचे बाकी सगळे पटते, पण ‘कधीच नको’ याला माझी हरकत आहे. आमच्याकडे बागेतून उतरताना मोठा उतार आहे, आणि बहुतेक लहान ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेला ब्लोअर मागून रेटत असताना फोर व्हील टाकलेला असेल, तर ब्रेकचा धर पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे तेवढ्या उतारापुरता, हळू वेगात, मी तो ठेवतो. टायर झिजले तरी परवडतील.

भाऊंनी एकदा टायरची हवाही पाहावी. मागच्या टायरवर खडूने खूण करून, फोर व्हील काढलेला असताना मागच्या चाकाच्या 10 फेऱ्यांत पुढचे चाक किती फेऱ्या घेते ते मोजा. मग भुसभुशीत जागेवर फोर व्हील टाकून तेच मोजा. दोन्हींतला फरक 5 टक्क्यांच्या फार वर गेला, तर हवेत किंवा टायरच्या मापात चूक आहे. मी एकदा पुढे वेगळ्या मापाचे टायर बसवून घेतले होते आणि लिव्हर रोजच अडकू लागला होता.

उत्तर 3 (फिटर, दिंडोरी)

उताराचे बरोबर आहे, मी सपाट रस्ता धरून लिहिले होते. फक्त उतारावर मध्येच लिव्हर टाकू किंवा काढू नये. वरच थांबून टाकावा.

प्रश्नकर्ता (बागायतदार, निफाड)

दोघांचेही आभार. चार फूट मागे घेताच आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि लिव्हर अलगद निघाला. काल मोजणीही केली: फोर व्हील काढून पुढच्या चाकाच्या 16 फेऱ्या, टाकून 17, म्हणजे सव्वासहा टक्के. ओल्या रानात पकड मिळावी म्हणून मागची हवा मीच कमी केली होती आणि पुढची पंक्चरवाल्याने दगडासारखी भरून ठेवली होती. पुस्तिकेप्रमाणे हवा केल्यावर लिव्हर काढून सव्वासोळा फेऱ्या भरल्या, म्हणजे फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास आला. आता बागेच्या तोंडाशी, चाकाखाली माती असतानाच लिव्हर काढून मग रस्त्याला लागतो. कर्रकन आवाज त्यानंतर एकदाच आला, तोही मुलगा चालवत होता तेव्हा.