मदत हवी आहे : अभिनेत्री कुमकुम यांच्या नृत्याविषयी विश्वसनीय माहिती

नमस्कार. जुन्या हिंदी चित्रपटांतील नर्तिका-अभिनेत्री कुमकुम यांच्याविषयी मी एक सविस्तर लेख लिहीत असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. 'आरपार' (1954) मधील 'कभी आर कभी पार' किंवा 'सी.आय.डी.' (1956) मधील जॉनी वॉकर यांच्यासोबतचे गाणे अनेकांच्या ओठांवर असते, पण पडद्यावर कोण होते हे चटकन आठवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम 'कोहिनूर' (1960) मधील 'मधुबन में राधिका नाचे रे' या गाण्यात आहे. नौशाद यांनी हमीर रागात बांधलेली ही रचना महंमद रफी यांच्या आवाजात तराण्याकडे (शब्दांऐवजी 'तोम', 'ताना', 'दिर' अशा बोलांच्या गायनाकडे) वळते, तेव्हा कुमकुम यांची पावले लयीत चोख राहतात आणि चेहऱ्यावरचा प्रसन्न भाव जराही ढळत नाही. नेमकी हीच जागा मला लेखात नीट उलगडायची आहे.

त्यांनी शंभू महाराजांकडे कथकचे शिक्षण घेतले, असे सांगितले जाते. त्या शिक्षणाविषयी त्या स्वतः बोलल्या आहेत अशी एखादी मुलाखत, किंवा जुन्या मराठी सिनेमासिकातला लेख कोणाच्या संग्रही आहे का? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अभ्यासासाठी चित्रपट पाहण्याची परवानगी कशी मिळवावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे. कथक शिकलेल्यांनी तराण्याचा भाग पाहून त्यातील तोडे-तिहाया (नृत्याचे ठरीव तुकडे आणि तीनदा घेऊन संपवले जाणारे बोल) ओळखून दिल्यास मी अत्यंत ऋणी राहीन.