‘पाठ झाले’ हे ठरवायचे कोणी?

अंतर्मुख : अभ्यास पक्का झाला की नाही, याबाबत स्वतःच्या मनाचा कौल ग्राह्य धरू नये, चाचणीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ सालच्या प्रयोगात विद्यार्थी स्वाहिली भाषेतील ४० शब्द अर्थांसह शिकले. एकदा बरोबर सांगितलेला शब्द काही गटांना पुढेही विचारला जात होता, तर इतरांना तो पुन्हा विचारला गेला नाही, फार तर वाचायला मिळाला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. आणि तरीही आपल्याला किती आठवेल याचा अंदाज सर्वच गटांनी निम्म्याच्या आसपास बांधला होता.

सव्यसाची : आठवड्यानंतरचे भाकीत सरसकट एका आकड्यात मागितले, तर ते चुकणारच. नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये शब्दजोडी वाचल्यावर लगेच आणि काही वेळाने, असे दोन्ही प्रकारे अंदाज घेतले. लगेचचे अंदाज कच्चे निघाले. जोडीतील फक्त पहिला शब्द दाखवून उशिरा घेतलेले मात्र कितीतरी अचूक. नुकतेच वाचलेले डोक्यात ताजे असते, तेच आपल्याला ज्ञान वाटते. ते ओसरू दिले की मन बऱ्यापैकी खरे बोलते.

अंतर्मुख : पण उशिरा अंदाज देताना माणूस करतो काय? उत्तर आठवून पाहतो. ती चाचणीच झाली, आणि स्पेलमन व बियॉर्क यांनी हा आक्षेप लगेच पुढच्या वर्षी घेतलाही होता. शिवाय ऱ्होड्स आणि कॅसल यांच्या प्रयोगांत मोठ्या टायपात छापलेले शब्द अधिक लक्षात राहतील असे लोकांना वाटले, प्रत्यक्षात तसा फरक पडला नाही. टायपाच्या आकाराला भुलणाऱ्या न्यायाधीशाची तरफदारी कशी करणार?

तिसरी घंटा : दोघेही सुट्या शब्दांवरच अडून बसला आहात. गणितातील सिद्धता शब्दन् शब्द आठवली तरी ती समजलेली नसू शकते, आणि समजलेली सिद्धता पाठ नसतानाही पुन्हा रचता येते. तेव्हा मोजायचे काय, हेच आधी ठरवावे लागेल.

सव्यसाची : हा मुद्दा मान्य. तरी अंतर्मुख यांना एक विचारतो : अख्ख्या पुस्तकाची स्वतःची चाचणी कोणी घेत नाही, त्यातले काय तपासायचे आणि काय सोडायचे हे शेवटी ‘इथे आपण कच्चे आहोत’ या जाणिवेवरूनच ठरते ना? मग ती जाणीव वगळून तुमची चाचणी सुरू तरी कुठून करणार?