'आवाज खपत नाही' की 'सोसवत नाही'? शब्द सुचवा

खसताटी:
आमच्या जिन्यातून रोज सकाळी मेसचे स्टीलचे डबे खाली जातात, एकमेकांवर खणाखण आदळत. लोकांना तो नुसता आवाज. मला मात्र तो कानातून थेट दाढेत उतरतो. परवा न राहवून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, 'मला डब्यांचा आवाज खपत नाही.' लगेच उत्तर आलं, 'मग बंगला घ्या.'

दोन दिवस राग होता. मग आपलंच वाक्य पुन्हा वाचलं आणि वाटलं, निम्मा दोष क्रियापदाचा आहे. 'खपत नाही' हे सासऱ्यांनी म्हणायचं: 'या घरात उशिरा येणं खपणार नाही.' त्यात हुकूम आहे. मला सांगायची होती अडचण.

डॉक्टरांनी कागदावर 'हायपरॲक्यूसिस' लिहिलंय. 'ध्वनिसंवेदनशीलता' मला माहीत आहे, पण तो शब्द उच्चारला की समोरचा निबंधस्पर्धेत बसल्यासारखा चेहरा करतो. घरात, जिन्यात, ऑटोवाल्याशी बोलताना चालेल असा शब्द हवाय.

अनुस्वार:
'हळव्या कानाची' म्हणून पाहा. फक्त 'हलक्या कानाची' म्हणू नका, नाहीतर कुणीही काहीही सांगावं आणि तुम्ही विश्वास ठेवावा असा अर्थ होईल. गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातले. संस्कृत 'लघुक', प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलुअ', तिथून आपले हळू, हलका, हळवा. एकाच्या नशिबी भोळेपणा आला, दुसऱ्याच्या नशिबी रडूबाई.

खसताटी:
तीच तर भीती! 'हळवी' म्हटलं की मालिका बघून रडणारी बाई डोळ्यांपुढे येते. 'तिखट कान' पण नको. त्याला दूरचं, बारीकसं ऐकू येतं. ती शाबासकी आहे. मला काही जास्त ऐकू येत नाही. जे सगळ्यांना येतं तेच येतं, फक्त लागतं.

बर्डीचा बाप्या:
ताई, एवढं काऊन डोस्कं खाता शब्दकोशाचं? आमच्या आजीले असंच होतं. कुकरची शिट्टी झाली का कानावर हात ठेवे अन् म्हने, 'झोंबते वं माय.' झाला शब्द.

अनुस्वार:
बाप्याभाऊ, मानलं! मिरची झोंबते, डिसेंबरातला वारा झोंबतो, टोमणा झोंबतो. आवाजही झोंबू द्या की. शिवाय 'झोंबतं' म्हटलं की कुणी 'तुझा स्वभावच तसा' म्हणत नाही. सावजी रस्सा एकाला झोंबतो, दुसरा त्याच रश्शाची दुसरी वाटी मागतो. झोंबणाऱ्याला आपण दही देतो, 'मग गाव सोड' असं सांगत नाही.

रिकीब:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून थोडी भर. 'झोंबणं' हायपरॲक्यूसिसला खरंच नेमकं बसतं. यात साधे, रोजचे आवाजही नको इतके मोठे वाटतात, काहींना प्रत्यक्ष दुखतं. आवाज कुणाचा, कशाचा, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. कारणं अनेक. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम, डोक्याला मार. अर्धशिशी उठली की तेवढ्यापुरतंही होतं. चेहऱ्याचा लकवा झालेल्यांनाही कधी कधी होतं, कारण कानातल्या रिकीब नावाच्या इवल्याशा हाडाला आवरून धरणारा इवलासा स्नायू चेहऱ्याच्याच नसेवर चालतो. नस बसली की लगाम सुटला. (माझं इथलं नाव त्या हाडावरून घेतलंय, घोडेस्वारीचा संबंध नाही.)

पण काही जणांचं वेगळं असतं. त्यांना ठरावीक आवाजच नकोसे होतात: मचमच, चहाचे भुरके, पेनाची टिकटिक. आवाज बारीक असला तरी. याला 'मिसोफोनिया' म्हणतात. ग्रीकात 'मिसोस' म्हणजे द्वेष, 'फोने' म्हणजे आवाज. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी हा शब्द २००१ साली वापरात आणला. इथे 'झोंबणं' पुरणार नाही असं मला वाटतं.

महालची सून:
रिकीबताई, हे माझंच वर्णन! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खिडकीखालून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक जाते. ढोलताशे, 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्या, काच थरथरते. मी मजेत उभी राहून बघते. आणि त्याच संध्याकाळी दीर बशीतून चहाचा भुरका मारतात तेव्हा मला उठून मोरीत जावं लागतं. झोंबत नाही, दुखत नाही. डोक्यात तिडीक जाते.

अनुस्वार:
तिडीक! थांबा, याला हार घाला. तिडीक म्हणजे मुळात कळ, एकदम उठणारी सणक. 'डोक्यात तिडीक उठली' असं दुखण्यासाठी म्हणतात आणि संतापासाठीही. मिसोफोनियात हेच तर होतं: दुखणं आणि राग यांच्यात सुई घालायला जागा उरत नाही. 'ध्वनिद्वेष' हा शब्द मी सुचवणारच होतो. मागे घेतो. महालच्या सूनबाईंचा दिरावर द्वेष नाही, भुरक्यावर तिडीक आहे.

बर्डीचा बाप्या:
दिराले सांगतलं का?

महालची सून:
बारा वर्षं झाली लग्नाला. आता काय सांगू? मीच चहा मोठ्या मगात देते. मगातून भुरका कमी निघतो.

रिकीब:
मोठा मग हा चांगला उपाय आहे, हसू नका. तिसराही एक प्रकार राहतो, आवाजाची भीती. त्याला आपल्याकडे 'धसका' आहेच. फटाक्याचा धसका घेतलेलं मूल दिवाळी यायच्या आधीच कानावर हात ठेवून बसतं. एकाच माणसात तिन्ही असू शकतं, त्यामुळे भिंती फार पक्क्या करू नका.

खसताटी, एक विचारू? कानात बोळे घालता का?

खसताटी:
दिवसभर. काढले की जास्तच झोंबतं.

रिकीब:
म्हणूनच झोंबतं. करवत चालू असेल, डीजे असेल तर जरूर घाला. पण साध्या घरगुती आवाजांना कायम बोळे घातले की कान शांततेला सरावतात आणि आणखी हळवे होतात. उपचारात उलट करतात: मंद, एकसारखा आवाज सोबतीला ठेवायचा आणि हळूहळू सवय करायची. तुमच्या डॉक्टरांशी बोलून करा.

खसताटी:
आता उलगडलं! उन्हाळ्यात माझी झोप सगळ्यात छान लागते, रात्रभर कूलरची घरघर असते म्हणून. (घरघर लागणे हा वाक्प्रचार इथे नको, माझा कूलर ठणठणीत आहे.) जून संपता संपता कूलर बंद होतो आणि माझे वाईट दिवस सुरू होतात. मी आपली पावसाला दोष देत होते.

अनुस्वार:
मूळ प्रश्नाकडे येऊ. 'झोंबतो' मिळाला, पण 'खपत नाही'च्या जागी काय? माझं मत 'सोसवत नाही'. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात: मला चालवत नाही, आजोबांना आता बसवत नाही. यात करणारा 'मी' उरतच नाही, 'मला' होतो. अंगात तेवढी ताकद नाही एवढंच सांगतो. इंग्रजी रोगनामाचं भाषांतर करत बसण्यापेक्षा हे एक रूप जास्त काम करतं, असं मी हट्टानं म्हणेन.

महालची सून:
आणि 'ऐकवत नाही'?

अनुस्वार:
ते वाईट बातमीनं अडवून ठेवलंय. 'मला ऐकवत नाही' म्हटलं की लोक विचारतात, कोण गेलं?

खसताटी:
आज सकाळी गटावर न लिहिता मेसच्या काकूंकडे जाऊन सांगितलं: 'काकू, डब्यांचा आवाज माझ्या कानाला झोंबतो, सोसवत नाही. मध्ये फडकं घालाल का?'

काकू घाबरल्या. 'झोंबतं? कानात काही गेलं का गं?' म्हणाल्या आणि लसूण घालून कढवलेलं तेल आणायला आत वळल्या. दहा मिनिटं लागली तेलापासून सुटायला. फडकं मात्र घातलंय.

रिकीब:
तेल घालू नका!

बर्डीचा बाप्या:
काकूले पन शब्द समजून सांगा आता.