मदत हवी आहे: घरी मेणबत्त्या करताना वात मधोमध कशी ठेवता?

चार-पाच वेळा करून झाल्या, पण प्रत्येक वेळी वात कुठेतरी कलंडतेच. सध्या कपड्यांचा लाकडी चिमटा ग्लासवर आडवा ठेवून त्यात वात पकडते. ओततानाच धक्का लागतो, नाहीतर खालची पत्र्याची चकती तळापासून सुटून तरंगायला लागते. मग मेणबत्ती एका बाजूनेच जळते, काच तापते आणि दुसरीकडचं मेण तसंच राहतं. चकतीखाली दुहेरी टेप लावावी की गरम मेणाचा थेंब पुरतो? वात सरळ धरायला बाजारात भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या मिळतात, त्या घेण्यात अर्थ आहे का?

दुसरं म्हणजे ओतायचं भांडं. मी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात स्टीलचा डबा ठेवून मेण वितळवते. थेट आचेवर नाही, मेण पेटायची भीती असते. पण डब्याला चोच नाही, त्यामुळे निम्मं मेण ओट्यावर! मूठ आणि चोच असलेला जग घ्यायचाय. स्टीलचा बरा की ॲल्युमिनियमचा?

थर्मामीटर मात्र आणलाय, आणि आधीच का नाही घेतला असं झालंय. सोया मेण पूर्वी अंदाजाने ओतायचे. आता ६० अंशांच्या आसपास ओतते, तर वरचे खड्डे बरेच कमी झालेत.

भांड्याला चिकटलेलं मेण कसं काढता तेही सांगा. मी गरम असतानाच कागदाने पुसते. सिंकमध्ये एकदा ओतलं होतं, पाइप तुंबला. घरच्यांची बोलणी अजून खातेय.