पावसाळ्याआधी सगळे सर्व्हर व्हर्च्युअल करून टाकावेत का?

कारेलीबागकर
माझं मत सरळ आहे: हो. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि आमच्या ऑफिसच्या तळघरात पाणी शिरलं. व्हर्च्युअल, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणारी, तीन मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या एका साध्या सर्व्हरवर दोन तासांत उभी राहिली. हिशेबाचा जुना टॉवर सर्व्हर मात्र पाच दिवस बंद होता. त्याचा बॅकअप होता, आणि चांगला होता! पण तसला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) कुठे मिळेना, आणि दुसऱ्या मशीनवर इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, टाकली तर ड्रायव्हरअभावी विंडोज बूटच होईना. पगाराची तारीख तोंडावर, आणि माणसं रोज येऊन विचारत होती. व्हर्च्युअल मशीनला खाली कोणत्या कंपनीचा डबा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. बडोद्यात राहून आपण हे आधीच करायला हवं होतं.

मकरपुरा_प्लांट
असहमत. ऑफिसपुरतं हे ठीक आहे. आमच्याकडे मोजमापाच्या मशीनला जोडलेला पीसी विंडोज एक्सपीवर चालतो आणि त्यात मशीन बनवणाऱ्याचं स्वतःचं, मदरबोर्डवर बसणारं पीसीआय कार्ड आहे. ते व्हर्च्युअलमध्ये कसं नेणार? डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलवर (पोर्टला लावायच्या किल्लीवर) आहे. होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतात ते खरं मशीन, बदलला की डोंगल उचलून नव्या होस्टला लावायला माणूसच लागतो. त्यातून मशीनबरोबर आलेलं ओईएम विंडोज दुसऱ्या मशीनवर नेण्याची परवानगी नसते. आणि एक विचारतो: आज पाच डबे आहेत, एक बुडाला तर चार चालतात. सगळं एका होस्टवर नेलंत तर?

कारेलीबागकर
होस्ट दोन हवेत, वेगवेगळ्या मजल्यांवर. हे आधीच लिहायला हवं होतं. कार्डवाल्या पीसीचं मान्य. पण अशी मशीन किती? एक-दोन. त्यांच्यासाठी बाकीच्या दहांना का अडकवायचं?

दांडियाबाजार
मला दोघांचंही पटत नाही. फिजिकल की व्हर्च्युअल हा प्रश्न नंतरचा. आधी बंद पडलेली मशीन उठवण्याचा क्रम लिहा.
मी पाहिलेली एक घटना सांगतो. बॅकअप सर्व्हर स्वतःच व्हर्च्युअल मशीन, त्याचं लॉगिन डोमेनवर (ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेवर), आणि ती चालवणारा डोमेन कंट्रोलरही त्याच होस्टवर. होस्ट गेला. बॅकअप शाबूत होता, पण तो उघडायला डोमेन हवं, आणि डोमेन बॅकअपच्या आत! इमेजचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये होता ती फाइलही आत. अख्खी रात्र त्यात गेली.
म्हणून बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर, वेगळ्या फिजिकल मशीनवर ठेवा. हायपरव्हायझरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) लोकल पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची की कागदावर लिहून पाकिटात, दुसऱ्या इमारतीत. मग या क्रमाने उठवा: नेटवर्क, डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा), डोमेन, डेटाबेस, त्यानंतर अ‍ॅप्लिकेशन. टॉवरवर डेटाबेस आणि व्हर्च्युअलवर अ‍ॅप असेल तर अ‍ॅप दहा मिनिटांत उठूनही टॉवरची वाटच बघत बसेल. तुमचे ‘दोन तास’ तिथेच संपतात.
आणि दुसरा मजला म्हणजे दुसरी जागा नव्हे. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांच्या बॅकअप प्रतीही त्याच आवारात होत्या. पुरात वीज जाते, रस्ते बंद होतात; वरचं मशीन कोरडं राहूनही उपयोगाचं नसतं. एक प्रत बडोद्याबाहेर हवीच.

मकरपुरा_प्लांट
क्रमाचं शंभर टक्के मान्य. आमच्या कागदावर नुसती मशीनची नावं आहेत, कोण कोणावर अवलंबून ते नाही. शहराबाहेरच्या प्रतीचं मात्र अर्धंच मान्य. कित्येक जीबींची इमेज आमच्या लाइनवरून उतरवायला दिवस लागतील. बाहेरची प्रत असो, पण रोजच्या बिघाडासाठी जवळचीही हवी.

कारेलीबागकर
मी मत थोडं बदलतो, पूर्ण नाही. टॉवर व्हर्च्युअल करणारच, पण डेटाबेसची सर्व्हिस थांबवून. चालू डेटाबेसची इमेज अर्धवट निघण्याची भीती असते. बॅकअप सर्व्हर डोमेनमधून काढतो. तो सध्या आमच्याकडेही आतच आहे, हे वाचून काल रात्री तपासलं.

मकरपुरा_प्लांट
माझा कार्डवाला पीसी फिजिकलच राहील. तसाच जुना मदरबोर्ड घेऊन ठेवलाय, डिस्कचा क्लोनही आहे. पण ते जोडून कधी चालू करून पाहिलेलं नाही. रविवारी प्लांट बंद असतो, तेव्हा लावतो आणि किती वेळ लागला ते इथे लिहितो.