पाचवा महिना चालू आहे, घरी लेथवर पितळेचं काम करते. शिशाचं कितपत मनावर घ्यायचं?

लंबकवाली, कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मी जुनी लंबकाची घड्याळं दुरुस्त करते. मूळ काम बाबांचं, ते गेल्यापासून अकरा वर्षं मी सांभाळते आहे. फ्लॅटची गॅलरी बंद करून तिथे छोटा बेंच लेथ, ड्रिल आणि बाबांचं लाकडी टेबल मांडलंय. झिजलेल्या भोकांत बसवायचे बुश (छोट्या नळ्या), घड्याळाच्या पाट्यांमधले खांब, नॉब, सगळं पितळेत. रॉड बोहरी आळीतून आणते, फ्री कटिंगचा, म्हणजे लेथवर सहज कापला जाणारा.

परवा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, घड्याळं दुरुस्त करते. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. घरी येताना रिक्षात एकदम लक्षात आलं की मी ‘पितळ’ हा शब्द उच्चारलाच नाही. फ्री कटिंग पितळेत शिसं असतं हे मला डिप्लोमापासून माहीत आहे, पण आपल्या पोटातल्या जिवाशी त्याचा संबंध कधी जोडलाच नव्हता.

काम कसं करते ते खरं खरं सांगते. लेथवरचं कापणं (टर्निंग) कोरडंच, थंड करायचं द्रव (कूलंट) नाही. कापताना निघणारी चिप, म्हणजे पितळेचा कण, सुईसारखी बारीक उडते, कुर्त्याच्या बाहीत आणि केसांत अडकते. बुशच्या तोंडावर शेवटी एमरी पेपर फिरवते आणि फुंकर मारून बघते, बाबाही तसंच करायचे. चहाचा कप टेबलावरच असतो. गॅलरीचं दार थेट बेडरूममध्ये उघडतं. काल रात्री उशीच्या अभ्र्यावर एक पिवळा कण दिव्यात चमकला. बोटाने टिपून घेतला आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही.

चिप जड असते, हवेत तरंगत नाही, मग भीती नेमकी कशाची? मास्क लावून सातव्या महिन्यापर्यंत काम चालू ठेवलं तर चालेल का? आणि जी अकरा वर्षं झाली त्यांचं काय? एका घड्याळाचे दोनच बुश बाकी आहेत. गिऱ्हाईक आजी आहेत, त्यांच्या वडिलांचं घड्याळ आहे ते, दर आठवड्याला फोन करतात.

भोसरीकर

ताई, अभिनंदन! माझं भोसरीत पितळेच्या जॉबचं छोटं युनिट आहे, म्हणून लिहितो.

फ्री कटिंग रॉडमध्ये शिसं साधारण अडीच-तीन टक्के धरा. म्हणजे १०० ग्रॅमच्या तुकड्यात अडीच-तीन ग्रॅम. ते पितळेत विरघळत नाही, अगदी बारीक थेंब होऊन आत पसरलेलं असतं. त्यामुळेच चिप लांब न जाता कटकन तुटते आणि टूलला त्रास होत नाही. शिसं ३२७ अंशाला वितळतं. तुमच्या लेथवर एवढ्याशा बुशला त्याची वाफ निघण्याचा प्रश्न नाही. चिपेबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

पण एमरीचा कीस म्हणजे चिप नव्हे. तो पिठासारखा असतो, आणि त्यावर तुम्ही तोंडाने फुंकर मारता. दुसरं म्हणजे हात. काळपट झालेली बोटं कपाला लागतात, पोळीला लागतात. मास्क नाक सांभाळेल, बोटं कोण सांभाळणार? आमच्याकडे पूर्वी पोरं मशीनपाशीच डबा उघडायची. आता डबा बाहेर, आणि आधी साबणाने हात धुवायचे, यावर मी कुणाचं ऐकत नाही.

बुशला पितळेऐवजी फॉस्फर ब्रॉन्झ (तांबं आणि कथलाचा मिश्रधातू) चांगलं चालतं. मात्र कुणी गनमेटल (तेही ब्रॉन्झच) सुचवलं तर ग्रेड विचारा, ८५-५-५-५ वाल्यात शिसं पाच टक्के असतं, म्हणजे पितळेहून जास्त.

कसबा पेठकर

आमच्या वडिलांनी आयुष्यभर पितळ घासलं, काही झालं नाही. मास्क लावा आणि दोन बुश करून टाका. फार विचार करू नका.

निवृत्त सिस्टर

कसबा पेठकर, वडिलांना काही झालं नाही याचा आनंद आहे. पण इथे माप मोठ्या माणसाचं लावायचं नाही. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळाकडे जातं, वार ते अडवत नाही. जन्मानंतरही, तेवढंच शिसं पोटात गेलं तर मोठ्यांपेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेऊ शकतं. सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी केली आहे, हात न धुता खाणारी माणसं रोज पाहिली आहेत.

बाळा, तुझ्या अकरा वर्षांबद्दल. शिसं हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात शरीर हाडांतलं कॅल्शियम काढतं, त्याबरोबर तेही थोडं रक्तात येतं. म्हणून आजपासून काम बंद केलंस तरी रक्त तपासून घे. शिरेतून रक्त घेऊन ‘ब्लड लेड’ करतात. डॉक्टरांना पितळ आणि शिसं हे दोन्ही शब्द वापरून सांग. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, ही दोन्ही कमी पडली की शिसं जास्त शोषलं जातं. शरीर शुद्ध करायला म्हणून कुणी भस्म दिलं तर घेऊ नकोस. नागभस्म तर शिशाचंच असतं.

साफसफाई तू करायची नाही, नवऱ्याला सांग. झाडू नको, घरचा व्हॅक्यूम नको, त्याने बारीक धूळ उडते. ओलं फडकं, दोन-तीनदा, आणि फडकी फेकून द्यायची. कामाचे कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुवायचे नाहीत. उद्या ते पोर त्याच दारातून रांगत गॅलरीत जाणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेव.

लंबकवाली, कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून गॅलरीचं दार लावलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी लगेच तपासणी लिहून दिली. ४.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. घाबरू नका म्हणाल्या, पण पितळ पूर्ण बंद आणि महिन्याने पुन्हा रक्त. नवऱ्याने रविवारी गॅलरी तीनदा पुसली. दाराच्या रुळातून निघालेलं फडकं त्याने मला लांबूनच दाखवलं, राखाडी होतं आणि मधेमधे चमकत होतं. लेथ माझ्या भावाच्या धायरीच्या शेडमध्ये जाणार आहे. बाबांचं टेबल हलवताना मी आत जाऊन बसले, बघवलं नाही.

आजींना फोन केला. कारण सांगितल्यावर त्या म्हणाल्या, घड्याळ आधीच वीस वर्षं बंद होतं, आणखी एक वर्ष राहील, तू आधी नीट बाळंत हो.

भोसरीकर दादा, एक विनंती आहे. हे दोन बुश तुम्ही फॉस्फर ब्रॉन्झमध्ये करून द्याल का? बाहेरचा व्यास ४.०२, लांबी २.५, आतलं भोक १.७ मिमी. त्यात फिरणारं आसाचं टोक (पिव्हट) १.८ चं आहे, भोक मुद्दाम लहान ठेवा, बसवल्यावर मापाला वाढवायचं असतं. पाटीतलं भोक मी आधीच रीम करून, म्हणजे मापाला गुळगुळीत करून ठेवलंय. पैसे सांगा, नवरा येऊन घेऊन जाईल.