काळा स्वार: भीती कॅमेऱ्याची की कापडाची?

बर्डीवाला
'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा २००१ मधला पहिला भाग काल परत पाहिला. हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, झाडाच्या मुळांखाली लपतात आणि वर काळा घोडेस्वार येऊन थांबतो, तो प्रसंग. माझं मत: ही सगळी करामत कॅमेऱ्याची. स्वार दिसायच्या आधीच रस्ता ताणल्यासारखा होतो. हा डॉली झूम. कॅमेरा एका दिशेला सरकतो, लेन्स उलट झूम करते. चौकट तेवढीच राहते, दृश्याची खोली मात्र बदलते आणि पोटात गोळा येतो. मग कॅमेरा हॉबिटांसोबत खाली दबून बसतो. खूर, चिलखती हात, मातीतून निघणारे किडे. झगा काय, कोणीही शिवेल.

तर्रीपोहे
कोणीही शिवेल? अबे, तू शिवून दाखव! पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात कॅमेरा कुठं असते? तरी घोंगडी पांघरलेलं भूत आलं की समोरची पोरं मायच्या पदरात. त्या स्वाराले तोंडच नाही, टोपात नुसता अंधार. तो कुठं पाहून राहिला तेच समजत नाही. हे कापडानं केलं.

बर्डीवाला
काळ्या कापडाला मागून उजेड दिला नाही तर पडद्यावर नुसता डाग दिसतो. चुण्या, कडा सगळं उजेडाचं. उगाच नाही अँड्र्यू लेस्नीला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. वेशभूषेला नुसतं नामांकन.

तर्रीपोहे
तिसऱ्या भागाच्या वेशभूषेले ऑस्कर भेटलं, ते काहून विसरला? अन् भीती काय बाहुल्यांवर मोजता बाप्पा!

महालची पोरगी
तुम्ही दोघं भांडा, मी मारबतीचं, नागपुरात मिरवणुकीत निघणाऱ्या त्या भल्यामोठ्या पुतळ्याचं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी बाबांच्या खांद्यावरून काळी मारबत पाहायची. मजाच वाटायची. एका वर्षी बाबांचा खांदा दुखत होता, म्हणून खालीच उभी होते. मोठ्यांच्या पायांमधून वर पाहिलं तर ती आभाळभर! असं भोकाड पसरलं की बाबांनी मिरवणूक सोडून जिलबी घेऊन दिली.

बर्डीवाला
बघा! मारबत तीच, साज तोच. बदलला फक्त कोन. यालाच लो अँगल म्हणतात. संपला वाद.

महालची पोरगी
थांबा ना. पिवळी मारबतही तशीच खालून पाहिली. तिची काहीच भीती वाटली नाही.

तर्रीपोहे
😂 बोल आता, बर्डीवाल्या.

बर्डीवाला
पिवळीच्या वेळी मोठी झाली असशील.

महालची पोरगी
त्याच दिवशी. हातातली जिलबीही संपली नव्हती.